शालूताईचा डावा डोळा

शालूताई भित्री होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. ती गेल्यावर आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तिथे एकामागून एक माणसं उठून तिला धीराची, खंबीर, शांत, स्थितप्रज्ञ वगैरे म्हणत होती. एका बाईंनी तर 'दृष्टी गेली पण अंतर्दृष्टी लाभली' असं वाक्य घरून लिहून आणलं होतं. मला आधी हसू आलं आणि मग असा राग आला की चहा न घेताच मी उठून घरी आले. आमचे हे म्हणाले, अगं, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगलेच बोलतात, त्यात तुझं काय जातं? माझं जातं. अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ मी त्या बाईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले आणि अकरा वर्षं तिचे खांदे माझ्या हाताखाली थरथरले. ते कुणी पुसून टाकलेलं मला चालणार नाही.

तिचं पूर्ण नाव शालिनी मोहिते. माहेर कराडचं. लग्न होऊन दिल्लीला आली, एका मंत्रालयात कारकून म्हणून लागली आणि इथलीच झाली. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही तळमजल्यावर आणि ती बरोबर आमच्या डोक्यावर. वयाने माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नवरा गेलेला, एकुलती एक मुलगी अपूर्वा गुडगावला आयटीत. अपूर्वाचं मराठी म्हणजे, 'आई, तू टेन्शन नको घेऊ यार, मी बिल्कुल ठीक आहे.' शालूताई टेन्शन घ्यायचीच. घरात पाल दिसली की कुलूप लावून माझ्याकडे येऊन बसायची. अनोळखी नंबरचा फोन आला तर आधी खुर्ची शोधायची, कारण वाईट बातमी उभ्याने ऐकली तर आपण पडू अशी तिची खात्री होती. लिफ्टमध्ये पाय ठेवायची नाही. मेट्रोचं दार अंगावर लागेल म्हणून दोन गाड्या सोडून तिसरीत चढायची. आणि यातलं काही लपवायची नाही. लोक आपलं गाव सांगतात तशी ती नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोकळी व्हायची की मी घाबरट आहे, मला सांभाळून घ्या.

अशा बाईच्या वाट्याला नेमका काचबिंदू आला. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यातला दाब गुपचूप वाढतो आणि नजर कडेकडेने खात खात आत येतो. गेलेली नजर परत मिळत नाही, उरलीय तेवढी सांभाळायची. तिला पत्ताच नव्हता. एकदा बस स्टॉपवर डाव्या डोळ्यात धूळ गेली म्हणून तिने तो मिटून चोळला, तर समोरची बस, माणसं, कडुलिंबाचं झाड, सगळंच नाहीसं झालं. उजवा डोळा कधीच संपला होता. डाव्यात कुलपाच्या भोकातून दिसावं एवढं मधलं तेवढं उरलं होतं. मोठ्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी बजावलं, थेंब सकाळ-संध्याकाळ, जन्मभर, एकदाही चुकवायचे नाहीत. त्या दिवसापासून तिचं देवाकडे एकच मागणं. उजवा गेला तो गेला, डाव्यातला उजेड राहू दे. बाकी काही नको, अपूर्वाचं लग्न नाही जमलं तरी चालेल, असंही एकदा बोलून गेली, आणि लगेच जीभ चावून म्हणाली, नाही नाही, ते पण हवंय.

तिचा हात कापायचा. थेंब डोळ्यात पडायच्या ऐवजी गालावर, कानात, एकदा तर चहाच्या कपात पडला. मग मीच म्हटलं, तू खाली येत जा, मी घालते. सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी सात. जिन्यावर तिच्या चपला वाजल्या की मी बाटली हातात घेऊन तयार. ती आमच्या दिवाणावर बसायची, मान मागे टाकायची आणि मी पापणी खाली ओढली की पुटपुटायला लागायची. तिचा देव म्हणजे कराडजवळच्या पालीचा खंडोबा आणि त्याच्याशी सगळा कारभार एकेरीत. 'अरे, घाबरलेय मी. बस इथं,' असं म्हणून ती दिवाणावर जराशी सरकून जागा करायची. पहिल्यांदा मला काही कळेना, मी त्या जागेवर बसायला गेले तर म्हणाली, तिथे नको गं, पलीकडे बस. ऑटोत, ऑफिसच्या बाकावर, इस्पितळाच्या रांगेत, सगळीकडे ही बाई अशी वीतभर जागा सोडून बसायची. आणि दिल्लीची माणसं इस्पितळातली रिकामी जागा सोडतात होय? धपकन कुणीतरी बसायचंच. मी चिडायचे. ती म्हणायची, बसू दे गं, तो राहील उभा.

मी काही फार देवाधर्मातली नाही. सणावारी नैवेद्य दाखवते, तेवढंच. पण तिचं ते पुटपुटणं ऐकायची मला सवय लागली. त्यात मोठ्या गोष्टी नसायच्याच. आज ऑफिसातल्या जिन्याची शेवटची पायरी दिसली नाही, उद्या तू आठवण कर. आज अपूर्वाचा फोन नाही आला, बघ जरा. आज मला तुझा राग आलाय, पण आता थेंब पडू दे, मग बोलू. असं ती बोलायची आणि माझ्या बोटांखाली तिचा खांदा हळूहळू थांबायचा. संपूर्ण कधी थांबला नाही.

सरोजिनीच्या बाजारातली गोष्ट ती स्वतःच रंगवून सांगायची. रविवारची दुपार, पाय ठेवायला जागा नाही, आणि हिला अपूर्वासाठी कुर्ते घ्यायची हौस. दोन्ही बाजूंनी हँगरवर टांगलेले कपडे, आणि हिला कडेचं काही दिसत नसल्यामुळे ते एकदम तोंडावर यायचे. एक झगा डोक्यावरून आला, तो काढेपर्यंत गर्दीने हिला गोल फिरवलं आणि कुठून आलो, कुठे जायचं, काही उमजेना. ओरडायची लाज वाटली. मग तिने समोरून चाललेल्या एका अनोळखी बाईच्या ओढणीचं टोक धरलं. ती बाई जिथे जाईल तिथे ही मागे. बाई बांगड्यांपाशी थांबली, ही थांबली. बाईने चपलांची घासाघीस केली, ही उभी. अर्ध्या तासाने ती बाई रस्त्यापर्यंत आली, ऑटोवाल्याला हाक मारली आणि मागे न वळता म्हणाली, 'दीदी, अब छोड़ दो, ऑटो आ गया आपका.' तिला सुरुवातीपासून कळलं होतं. शालूताई ही गोष्ट सांगताना पोट धरून हसायची. पण त्या दिवशी ती माझ्या दारात आली तेव्हा हसत नव्हती. तिच्या मुठीत ओढणीचा एक धागा होता आणि मूठ उघडायला मला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली होती.

त्यानंतर तिने तालीम सुरू केली. शनिवारी दुपारी ओढणीने दोन्ही डोळे घट्ट बांधायचे आणि स्वयंपाक करायचा. मी समोर बसायचं, पण हात लावायचा नाही, ओरडायचं नाही, अशी अट. मला हे बिल्कुल आवडायचं नाही. उघड्या डोळ्यांनी जी बाई गॅस पेटवताना तोंड फिरवते, ती आंधळेपणाने पेटवणार म्हणजे काय? पण ती ऐकेना. काडी ओढायच्या आधी तिच्या कपाळावर घाम यायचा. बेसन कालवताना बोट वाटीच्या कडेला लावून पाणी मोजायची, फोडणीचा आवाज कान देऊन ऐकायची, आणि पिठलं उकळायला लागलं की डोळ्यांवरची ओढणी तशीच ठेवून रडायची. मी विचारलं, अगं, जमतंय की, मग रडतेस का? म्हणाली, 'जमतंय म्हणूनच. देवाला वाटेल, हिची तयारी झाली.' पिठलं चांगलं झालं होतं, पण आम्ही दोघींनी ते कसंबसं खाल्लं.

आता उपासांचं सांगायला हवं. मोहित्यांना कॅन्सर झाला तेव्हा तिने उपास धरले. सोमवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राची अष्टमी, महाशिवरात्र. साबुदाणा-बटाट्याचे उपास नव्हेत, कडक, पाणीसुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळी. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते आणि मोहिते चार वर्षं जगले. झालं, तिचा हिशोब पक्का बसला. ते गेल्यावर मी म्हटलं, आता तरी सोड. म्हणाली, सोडला आणि अपूर्वाला काही झालं तर? एवढ्या एका 'तर'वर ती महिन्यातले आठ-दहा दिवस पाण्याविना काढायची आणि तशीच बस पकडून ऑफिसला जायची. भक्ती होती, नाही कशी म्हणू? पण त्या भक्तीच्या पाठीमागे भीती काठी घेऊन उभी होती.

उपासाच्या दिवशी ती माझ्याकडे खाली येत नसे. अगदी पहिल्याच वर्षी तिने सांगून टाकलं होतं, त्या दिवशी मी पूजेत असते, माझे मीच थेंब घालीन, तू नको थांबूस. मी बरं म्हटलं. जिचा हात कापतो म्हणून मी थेंब घालते, ती त्या दिवशी कशी घालेल, हा प्रश्न मला आठ वर्षांत एकदाही पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी सकाळी मलाही अर्धा तास जास्त झोपायला मिळायचं, हे खरं कारण, आणि ते लिहिताना माझे कान गरम होताहेत.

आठव्या वर्षी तपासणीला गेलो तर डावा डोळा आणखी मिटत आलेला. डॉक्टरीण तरुण होती, हरियाणाकडची असावी, बोलायला रोखठोक. तिने मागच्या आणि आताच्या तपासणीचे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, औषध रोज घेता का? मी पुढे होऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मी स्वतः घालते, घड्याळ लावून. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. शालूताईला पुन्हा विचारलं, रोज? एकही दिवस नागा नाही? शालूताई वीतभर जागा सोडून स्टुलाच्या टोकाला बसली होती. ती हळूच म्हणाली, 'व्रत के दिन छोड़के.' डॉक्टरिणीला कळेना. मग हिने समजावून सांगितलं. थेंब डोळ्यात घातला की थोड्या वेळाने घशात कडू लागतो. म्हणजे औषध पोटात जातं. पोटात काही गेलं की उपास मोडतो. म्हणून त्या दिवशी दोन्ही वेळा नाही.

डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं. रागावली नाही, हेच वाईट झालं. तिने शालूताईचं बोट हातात घेतलं, नाकाजवळ डोळ्याच्या कोपऱ्यावर टेकवलं आणि सांगितलं, थेंब घातल्यावर डोळा मिटून इथे दोन मिनिटं दाबून धरायचं, मग घशात उतरत नाही. एवढंच. मग म्हणाली, 'माताजी, व्रत आपने रखा था, आँख ने नहीं.' बाहेर पन्नास माणसं नंबर लावून उभी होती. शिपायाने पुढचं नाव पुकारलं आणि आम्ही उठलो.

ऑटोत ती मधोमध बसली होती, बाजूला जागा सोडली नव्हती, ते माझ्या लक्षात आलं. मी मात्र तोंड सोडलं. अगं, मला एकदा विचारायचंस, डॉक्टरला विचारायचंस, आठ वर्षं, शालूताई, आठ वर्षं. काय काय बोलले ते आता आठवलं तरी नको वाटतं. खरं तर मी स्वतःवर ओरडत होते आणि ऐकून घ्यायला ती बिचारी समोर होती. मुनिरकाच्या सिग्नलला ऑटोवाल्याने वळून पाहिलं तेव्हा मी गप्प झाले.

संध्याकाळी सातला ती आलीच नाही, म्हणून बाटली घेऊन मी वर गेले. दार नुसतं लोटलेलं. देव्हाऱ्यासमोर पाटावर बसली होती, निरांजन तसंच, वात कोरडी. मी थेंब घातले. तिने कोपरा दाबून धरला, सांगितला होता तसा, दोन मिनिटं. पुटपुटली नाही. मग डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, 'मी त्याच्यासाठी केलं गं. आणि तो आठ वर्षं नुसता बघत बसला.'

मी म्हटलं, त्याला काय कळतं डोळ्यांच्या औषधातलं. विनोद करायला गेले, तो काही जमला नाही.

ती म्हणाली, 'मला वाटायचं, अगदी अंधार झाला तरी तो शेजारी असेल. म्हणून निभायचं. आता वाटतं, तिथे कुणीच नसलं तर? नुसता अंधार आणि मी.'

ती हे रडून सांगत नव्हती. ऑफिसात एखादा कागद वाचून दाखवावा तशी सांगत होती, आणि मला तिची नव्हे, त्या खोलीची भीती वाटायला लागली. उजेड होता, खाली मुलं खेळत होती, शेजारी कुणाचा तरी कुकर वाजत होता, आणि माझ्या अंगावर काटा आला होता. मी तिचा हात धरून बसून राहिले. देवाच्या जागेवर बसलेय हे माझ्या ध्यानात आलं आणि तिनेही उठवलं नाही.

पुढचे काही महिने ती देवाशी बोलली नाही. थेंब मात्र एकही चुकला नाही. उपासही चालूच, कारण तो 'तर' अजून डोक्यावर होता, फक्त आता उपासाच्या दिवशी काय करायचं हे तिला ठरवता येईना. पहिल्या सोमवारी पहाटे येऊन दारात उभी राहिली आणि परत वर गेली. मी मागोमाग जाऊन तिला दटावून थेंब घातले. दुसऱ्या सोमवारीही तेच. आमचे हे म्हणाले, तू जबरदस्तीने घालतेस तोवर पाप तुझ्या खात्यावर, तिचं बरंय. मी म्हटलं, असू दे माझ्या खात्यावर.

मग महाशिवरात्र आली. तिचा सगळ्यात कडक उपास. मी ठरवलंच होतं की सहालाच वर जायचं. पण साडेसहाला पाच कमी असताना चपला वाजल्या. ती आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून दारात, चेहरा पांढराफटक. आत आली, दिवाणावर बसली आणि माझ्या हातातली बाटली तिने मागून घेतली. म्हणाली, 'आज मीच घालणार. मोडलाच तर माझ्या हाताने मोडू दे.' पहिला थेंब भुवईवर पडला, दुसरा नाकावर. तिसरा डोळ्यात गेला. तिने कोपरा दाबला आणि कितीतरी दिवसांनी ओठ हलले. 'अरे, मला फार भीती वाटतेय. तू आहेस की नाहीस ते मला माहीत नाही. पण असलास तर अपूर्वाकडे बघ, माझ्याकडे नको.' आणि सवयीने की कशाने, ती दिवाणावर जराशी सरकली.

त्या दिवशी तिने अपूर्वाला पाच फोन केले. काही बोलायची नाही, नुसतं विचारायची, कुठे आहेस, जेवलीस का, गाडी हळू चालव. पाचव्या फोनला अपूर्वा मीटिंगमध्ये होती. भडकून म्हणाली, आई, मी जिंदा आहे यार, क्या हो गया है तुला. शालूताईने फोन ठेवला आणि मला म्हणाली, ओरडली माझ्यावर, म्हणजे ठीक आहे. मंडळातल्या लोकांना धीर म्हणजे काय वाटतं कोण जाणे. भीती जराही कमी झाली नव्हती, उलट दुपारपर्यंत तिला ताप चढला होता. तरी संध्याकाळी सातला ती पुन्हा आली आणि पुन्हा स्वतःच्या हाताने थेंब घातला.

पण व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. पुढच्या तीन वर्षांत डाव्या डोळ्यातलं ते कुलपाचं भोकही बारीक होत गेलं. आधी अक्षरं गेली. ऑफिसने तिला फोनच्या टेबलावर बसवलं. मग चेहरे गेले. माझा चेहरा कसा आहे ते विसरू नये म्हणून ती कधी कधी थेंब घातल्यावर माझ्या गालावरून हात फिरवायची आणि म्हणायची, जाडी झालीस. शेवटी फक्त उजेड उरला. खिडकी कुठे आणि भिंत कुठे, सकाळ झाली की नाही, दिवा लागलाय की नाही, एवढंच. तेवढ्यावर ती जगायची. सकाळी उठल्याबरोबर तोंड खिडकीकडे करून बसायची आणि उजाडलं की तिला कळायचं. त्या उजेडाची ती अशी काळजी घ्यायची की मला कधी कधी त्या खिडकीचंच भय वाटायचं. एखाद्या सकाळी ती तशीच बसून राहील आणि बाहेर ऊन आलेलं असेल.

गेल्या वर्षी दाब इतका वाढला की डोळा ठणकायला लागला. त्याच डॉक्टरिणीने समोर बसवून सरळ सांगितलं. काही केलं नाही तर हा उजेड दोन-चार महिन्यांत जाणारच. ऑपरेशन केलं तर कदाचित राहील, कदाचित टेबलावरच विझेल. हमी नाही. अपूर्वा म्हणाली, आई, करून घेऊ. शालूताई घरी येऊन तीन दिवस खिडकीत बसली. चौथ्या दिवशी थेंब घालून झाल्यावर म्हणाली, करते. मी विचारलं, देवाला विचारलंस का? म्हणाली, त्याला फक्त कळवलं.

ऑपरेशनच्या दिवशी तिचे दात वाजत होते. हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, आणि स्ट्रेचरच्या कडेला घट्ट पकडलेले हात. भूल फक्त डोळ्यापुरती, म्हणजे ती आत जागीच राहणार होती. मला म्हणाली, तू आत ये. मी म्हटलं, येऊ देत नाहीत गं. मग तिने केरळच्या एका नर्सला सांगितलं, 'सिस्टर, मैं बहुत डरपोक हूँ, मेरा हाथ मत छोड़ना.' नर्स हसली आणि चालता चालता तिने हात धरला. दार मिटताना मला तिचे ओठ हलताना दिसले. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणाला दिसणार नाही अशी, वीतभर सरकले. कुणीतरी येऊन बसलंच. मी त्याला उठवलं नाही.

पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. त्याच दुपारी मला पुण्याची गाडी धरायची होती, माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि तिथे मी पाच महिने अडकले. शालूताईला अपूर्वा परस्पर गुडगावला घेऊन गेली. आमचे फोन व्हायचे. पाचव्या महिन्यात एका दुपारी ती जेवून आडवी झाली ती उठलीच नाही, हार्ट म्हणाले. म्हणून प्रत्यक्ष पाहिली ती त्या सकाळचीच शेवटची.

मी इस्पितळात पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. अपूर्वा कागदपत्रांसाठी खाली गेली होती. वॉर्डचा व्हरांडा पूर्वेकडचा, मोठ्या काचांचा, ऊन थेट खोल्यांच्या दारांपर्यंत आलेलं. डॉक्टरांची फेरी उरकलेली असावी, कारण शालूताईच्या डोळ्यावर पट्टी नव्हती. पलंगावर पाय सोडून, तोंड दाराकडे करून बसली होती. डावा डोळा लाल, सुजलेला, उघडा. चेहऱ्यावर काही नव्हतं, ना आनंद, ना रडू. मी उंबऱ्यावरच थांबले. मला पुढे पाऊल टाकवेना. हाक मारली तर ती काहीतरी सांगेल, आणि जे सांगेल ते मला घेऊन पुण्याला जावं लागेल. मी श्वास धरून उभी राहिले, चपलांचा आवाजही होऊ दिला नाही. वाटलं, असंच मागच्या मागे निघून जावं, अपूर्वाला फोनवर विचारावं.

तिने मान किंचित डावीकडे केली, मग उजवीकडे, आणि कपाळाला आठी घातली.

'दारात कोण उभंय?' ती वैतागून म्हणाली. 'बाजूला हो बघू. उजेड अडतोय.'